आश्वासन मराठीत, आकडे इंग्रजीत

चिपळूणच्या बाजारपेठेत माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या आधी आरतीसंग्रह, आणि फेब्रुवारी उजाडला की लेबलं. आंबापोळी, फणसपोळी, आगळ, अमृत कोकम, कुळीथपीठ, मेतकूट, नाचणीसत्त्व. मे महिन्यात चाकरमानी यायच्या आत माल बाटलीत आणि लेबल बाटलीवर पाहिजे असतं. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी दुकानात शिरली तेव्हा जुन्या लेबलांच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला, पण फायलींची एक प्रत पुण्याला भावाकडे होती म्हणून त्या वाचल्या. मध्यंतरी सहज चाळत बसलो. पंधरा वर्षांत मी काय काय बरं केलं होतं! पित्त, मूळव्याध, मधुमेह, लठ्ठपणा, केसगळती. एका लोणच्याने हृदयविकारही.

यंदा गुहागरच्या बाजूच्या एक काकू नाचणीच्या बिस्किटांचं लेबल घेऊन आल्या. वहीच्या पानावर मजकूर लिहून आणलेला, त्यात वर चौकट करून एकच शब्द: प्रीबायोटिक. मुंबईच्या भाच्याने सांगितलं होतं, म्हणे, हा शब्द घाल, पाकीट वीस रुपयांनी वर जाईल. "म्हणजे काय हो काकू?" मी विचारलं. त्यांनी चष्मा वर केला. "पोटाला चांगलं. नाचणी पोटाला चांगली नाही असं म्हणायचंय का तुला?"

तसं मला अजिबात म्हणायचं नव्हतं. पण तो शब्द छापायलाही हात धजेना. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

हा शब्द फार जुना नाही. 1995 साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या दोन संशोधकांनी तो मांडला. आपण खाल्लेल्यातला काही भाग आपल्याला पचत नाही. तो लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे अब्जावधी जिवाणू त्याची वाटच बघत असतात. ते तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान साखळीची आम्लं तयार होतात. यातल्या ब्युटिरेटवर तर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. म्हणजे आपल्या पानातलं जे आपलं नव्हतं, ते त्यांनी खाल्लं आणि त्यांच्या उष्ट्यावर आपलं आतडं पोसलं.

निसर्गाने हे किती गंभीरपणे घेतलंय ते पाहायचं असेल तर आईचं दूध पाहावं. त्यात लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल जो घन घटक असतो तो म्हणजे गुंतागुंतीच्या शर्करा, दीडशेहून जास्त प्रकारच्या, लिटरमागे 5 ते 15 ग्रॅम. बाळाला त्या पचतच नाहीत. ओली बाळंतीण आपल्या अंगचं खर्चून जे बनवते, त्यातला एवढा वाटा बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जिवाणूंसाठी राखून ठेवलेला असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी प्रूफ बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

तर कल्पना खरी आहे, थोतांड नव्हे. घोडं पेंड खातं ते पुढे. प्रत्येक चोथा, प्रत्येक तंतू हा काही प्रीबायोटिक नव्हे. या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात दोन अटी आहेत. पदार्थ आपल्या अंगातल्या जिवाणूंनी निवडून वापरला पाहिजे आणि त्यातून माणसाच्या तब्येतीला फायदा झालेला दिसला पाहिजे. फायदा दिसला पाहिजे, म्हणजे माणसांवर तपासून. कांदा, लसूण आणि चिकरीच्या मुळात असणारा इन्युलिन नावाचा न पचणारा तंतू या कसोटीला उतरलेला आहे. चिकरी म्हणजे आपण कॉफीत घालतो तीच. नाचणीत तंतू भरपूर आहेत, 100 ग्रॅममागे साधारण 11 ग्रॅम. तरीही ती या व्याख्येत बसते असं पाकिटावर लिहायचं तर नाचणीची तशी तपासणी हाताशी पाहिजे. काकूंच्या हाताशी भाच्याचा व्हॉट्सॲप निरोप होता.

दुसरी गोष्ट मात्रेची, आणि माझं सगळं म्हणणं तिच्याभोवती आहे. युरोपात 2006 च्या कायद्यानुसार खाण्याच्या पदार्थावर आरोग्याचा दावा छापायचा तर तो आधी तपासून, मंजूर करून घ्यावा लागतो. कंपन्यांकडून तिथे 44,000 च्या आसपास दावे आले. एकाच अर्थाचे एकत्र करून साडेचार हजारांवर आणले गेले आणि 2012 मध्ये जी पहिली मोठी यादी निघाली तिच्यात उरले 222. चिकरीच्या इन्युलिनला पुढे 2015 मध्ये मंजुरी मिळाली, तीही अगदी मोजून मापून: रोज 12 ग्रॅम घेतलं तर शौचाला जाण्याची वारंवारता वाढून पोट नेहमीसारखं साफ व्हायला हातभार लागतो. प्रतिकारशक्ती, वजन, मूड, कांती यांतलं काही त्या वाक्यात नाही. आणि 12 ग्रॅम रोज.

आता दुकानातल्या पाकिटाकडे या. अमेरिकेत पॉपी नावाच्या डबाबंद सोडा-पेयाचं प्रकरण गाजलं. डब्यावर प्रीबायोटिक हा शब्द आणि आतड्याच्या आरोग्याची भाषा, डब्यात अगेव्हचं, म्हणजे घायपातीच्या जातीच्या झाडाचं, इन्युलिन 2 ग्रॅम. एवढ्याने काही होत नाही आणि होईल इतकं घ्यायचं तर तेवढी साखरही पोटात जाईल, असं म्हणत ग्राहक 2024 मध्ये कोर्टात गेले. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 2025 मध्ये 89 लाख डॉलरला तडजोड केली. त्याच वर्षी पेप्सिकोने हा ब्रँड पावणेदोन अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. एक शब्द छापण्याची किंमत आणि त्या शब्दाचं मोल.

आपल्याकडे कायदा नाही असं नव्हे. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे. दाव्यांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, वेगळे नियम 2018 मध्ये आले आणि 2019 च्या जुलैपासून लागू झाले. 'तंतुमय पदार्थांचा स्रोत' म्हणायला 100 ग्रॅममागे किमान 3 ग्रॅम तंतू हवेत, 'भरपूर' म्हणायला 6. कुठलाही खाद्यपदार्थ रोग बरा करतो असं म्हणता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड. त्याहून जुना 1954 चा, औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, आणि त्यातली जाहिरातीची व्याख्या वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण तिच्यात लेबल आणि वेष्टनही येतं. पंधरा वर्षं मी काय छापत होतो ते तेव्हा कळलं.

कायदा आहे, पण तो कुठे बघतो हा प्रश्न आहे. लेबलावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पाळला जातो. मराठी ही जोडभाषा, हवी तर घाला. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सगळ्या लेबलांची मांडणी एकच असते. मागच्या बाजूला इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात एनर्जी, प्रोटीन, टोटल शुगर, ॲडेड शुगर, सोडियम, 14 आकडी लायसन्स नंबर. पुढच्या बाजूला ठळक मराठीत 'वजन घटवते', 'आतडी निर्मळ ठेवते'. आकडे इंग्रजीत, आश्वासनं मराठीत. जी बाई मराठी वाचून बाटली उचलते तिच्यासाठी मागची बाजू कोरीच असते. शिवाय त्या कोष्टकात तंतूंची ओळ सक्तीची नाही. कंपनीने तंतूंची बढाई मारली तरच आकडा द्यायचा. बढाई 'प्रीबायोटिक' या शब्दात मारली तर हा आकडा बरोबर ठसठशीत यायला हवा. तो येतो, पण कुठल्या कोपऱ्यात येतो ते भिंग घेऊन बघा. किती घेतल्यावर उपयोग होतो, तो आकडा तर कोपऱ्यातही नसतो.

मोठ्या कंपन्यांना बोल लावणं सोपं आहे. आपल्या अंगणात जरा बघू.

अमृत कोकम. कोकमाची सालं साखरेत मुरवून केलेला पाक, त्यात निम्म्याहून जास्त साखर. त्याच्या लेबलावर मी स्वतः 'वजन घटवते' असं अठरा पॉइंटात छापलेलं आहे. हा समज आला कुठून? कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. त्याच्या मलबारकडच्या भावंडात, गार्सिनिया कॅम्बोजियात ते भरपूर असतं आणि त्याच्या गोळ्या जगभर वजन घटवायला खपल्या. 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 135 जणांवर 12 आठवडे केलेल्या चाचणीचा निकाल आला. त्या गोळ्या आणि नुसत्या पिठाच्या गोळ्या यांच्यात वजनाच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. तेही दाट अर्काच्या बाबतीत. आमच्या बाटलीत तर पाक. उन्हातून आल्यावर गार पाण्यात चिमूटभर मीठ-जिरं घालून ते सरबत घेतलं की जिवाला जे बरं वाटतं, ते छापायला कुणाची ना नाही. पण तेवढ्याने म्हणे माल उठत नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं तसंच. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर येणारा, चवीला गोडसर, वेणी घालून माळेने विकला जाणारा हा कांदा मला मनापासून आवडतो. रस्त्याकडेला अलिबागजवळच्या कार्ले, खंडाळे या गावांच्या बाजूला माळा टांगलेल्या दिसल्या की गाडी थांबतेच. पण शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं 'औषधी कांदा' आणि खाली दुखण्यांची यादी. मानांकन सांगतं की हा कांदा या मातीतला आहे. ते औषधाचं प्रशस्तिपत्र नव्हे. कांद्यात इन्युलिनच्या जातीचे फ्रुक्टन असतात हे खरं, 100 ग्रॅममागे ढोबळ 1 ते 7 ग्रॅम. त्यातही गंमत अशी की ज्या कांद्यात कोरडा अंश जास्त, जो तिखट आणि टिकाऊ, त्यात हे फ्रुक्टन सहसा जास्त असतात आणि गोडसर कांद्यात मोकळी साखर जास्त. पांढरा म्हणून औषधी हे गणित इतकं सरळ नाही.

आणि पोटाला चांगलं म्हणजे प्रत्येकाच्या पोटाला नव्हे. कडव्या वालाच्या बिरड्याचं जेवण झाल्यावर आमच्या घरात ओव्याची बरणी का फिरते? वालात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही, जिवाणूंकडे आहे. ते त्या खातात आणि वायू सोडतात. म्हणजे आजोबांचं ते गुरगुरणारं पोट हा प्रीबायोटिक तत्त्वाचा जाहीर पुरावाच म्हणायचा. भिजवून मोड आणले, सोललं, पाणी बदललं की या शर्करा कमी होतात, हे आमच्या बायकांनी कुठलाही नियतकालिकातला लेख न वाचता ठरवलेलं होतं. ज्यांचं आतडं मुळातच चिडकं असतं त्यांना हेच फ्रुक्टन सोसत नाहीत. अशा रुग्णांना डॉक्टर काही दिवस कांदा-लसूण बंद करायला सांगतात. पाकिटावर 'सर्वांसाठी' छापताना या लोकांचं काय?

यावर मला हमखास ऐकवलं जातं ते असं: आपली परंपरा हाच पुरावा. मला हे अर्धं मान्य आहे. पण परंपरेने दावा केला कसा, ते ऐकलंय का कुणी नीट? तापातून उठलेल्याला आजी उकड्या तांदळाची पेज द्यायची आणि म्हणायची, "पचायला हलकी आहे, घे." एवढंच. वालाबद्दल म्हणायची, "रात्री नको." करांदे, आठळ्या, कच्च्या केळ्याची भाजी, कुळथाची पिठी, नाचणीची आंबील हे सगळं ऋतू बघून, माणूस बघून पानात यायचं. तो दावा लहान होता, मात्रेत होता आणि समोरच्या माणसापुरता होता. जाहिरातीने यातली नाचणी घेतली. आजीचा 'रात्री नको' मात्र टाकून दिला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नियम कडक केले की कंपन्या वकील ठेवतात आणि बचत गट बंद पडतात. 10 लाखांचा दंड, चुकीच्या लेबलाला 3 लाखांपर्यंतचा दंड, ही रक्कम आमच्या काकूंना आयुष्यातून उठवेल. कंपनी ती जाहिरात खर्चात टाकेल. प्रयोगशाळेत एक नमुना तपासायला द्यायचा म्हटलं तरी गटाची महिन्याची कमाई जाते. म्हणून मला वाटतं की बंदीची भाषा इथे पुरी पडत नाही. छोट्यांना काय म्हणायचं नाही हे सांगितलं जातं, काय म्हणता येईल ते कुणी सांगत नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून इथल्या पिकांवर काम करतंय. नाचणी, कुळीथ, कोकम, फणस अशा वीसेक जिनसांसाठी, कोकणात प्रत्यक्ष ज्या पाककृती विकल्या जातात त्यांच्यासाठी, विद्यापीठाने आणि अन्न व औषध प्रशासनाने मिळून मराठीत तयार वाक्यं द्यावीत. इतकं नाचणीपीठ घातलंत तर हे वाक्य छापा, फुकट. मी ती माझ्या काउंटरवर चिकटवून ठेवेन. राज्यातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याने ठेवावीत. लेबलाचा मजकूर कायद्याच्या आधी आमच्या टेबलावर येतो, अधिकारी पोचायला वर्षं जातात.

मोठ्यांसाठी मात्र दोनच अटी, पण पक्क्या. पाकिटाच्या पुढच्या बाजूला प्रीबायोटिक, 'गट हेल्थ' (आतड्याचं आरोग्य), पोटाचं आरोग्य यांतलं काहीही लिहाल, तर त्याच टायपात, त्याच भाषेत, त्याच बाजूला दोन आकडे द्या: उपयोग दिसायला रोज किती लागतं आणि या एका वाढपात किती आहे. '12 पैकी 2'. बस. खोटं ठरवायला कोर्टात जायची गरज नाही, वाचणारीच हिशेब करेल. आणि दावा करणाऱ्या पदार्थात साखर, मीठ वा तेल अमुक मर्यादेच्या वर असेल तर दावाच नाही. ही दुसरी अट युरोपनेही 2006 च्या कायद्यात घातली होती. तिची मोजपट्टी 2009 च्या जानेवारीपर्यंत ठरवायची होती, ती कधी ठरलीच नाही. इतका कंपन्यांचा दाब असतो. आपल्याकडे 2022 मध्ये पाकिटावर तारे द्यायचा मसुदा आला, त्यात तंतूंना जमेचे गुण होते. म्हणजे साखरेच्या बिस्किटात चमचाभर चिकरीचा तंतू ढकलला की ताऱ्यांचा हिशेब सुधारायची सोय. ही पळवाट बुजवायला हवी.

असे नियम इथे जमायचे नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी बाळाच्या दुधाचा कायदा दाखवतो. बाळासाठीच्या डब्यातल्या दुधाची जाहिरातच करायची नाही, असं 1992 च्या त्या कायद्याने या देशात बंधन आहे. एकदा ठरवलं की शब्दांना लगाम घालता येतो.

खुल्या बाजारातली सुटी नाचणी मात्र या सगळ्यात मुकीच राहते. तिला पाकीट नाही म्हणून दावा नाही, दावा नाही म्हणून भाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगितले, तेही नैसर्गिकपणे अन्नात असलेले. दोन भाकऱ्या, एक उसळ, पालेभाजी आणि ऋतूचं फळ एवढ्यात आपण त्याच्या बरेच जवळ जातो. सरकारी आरोग्यजाहिरात हवी असेल तर ती या वाक्याची हवी. त्याचं फ्लेक्स मी ना नफा ना तोटा छापून देतो.

असो. काकू समोर बसलेल्या होत्या. आम्ही हिशेब मांडला. 100 ग्रॅम बिस्किटात नाचणी 30, मैदा 25, साखर 25, तूप 20. नाचणीचे तीन-सव्वातीन ग्रॅम तंतू, मैद्याचे पाऊण, म्हणजे 4 ग्रॅमच्या आतबाहेर. 3 ची मर्यादा ओलांडली, 6 ची नाही. मी म्हटलं, "काकू, 'तंतुमय पदार्थांचा स्रोत' असं छापू आणि खाली आकडा, 100 ग्रॅममध्ये 4 ग्रॅम. पुढच्या बॅचला नाचणी 45 वर न्या, मैदा कमी करा, आकडा आणखी बरा येईल." त्यांना पटलं. वहीतली चौकट त्यांनी स्वतःच खोडली. मग मी स्क्रीनवर त्याच ओळीखाली, त्याच टायपात आणखी एक ओळ घातली: 'साखर 25 ग्रॅम'.

काकूंनी प्रूफ हातात घेतलं, लांब धरून वाचलं, परत जवळ आणून वाचलं.

"तंतू राहू दे मराठीत," त्या म्हणाल्या. "साखर आहे तशी मागे इंग्रजीतच ठेव."